प्रीअँप लावूनही बेस बेससारखाच वाजावा म्हणून: लाइव्हसाठी पहिल्यापासून शेवटपर्यंत

मी बेस गिटार वाजवतो. नागपूरच्या काटोल रोडवरच्या एका लॉनवर रिसेप्शनचा प्रोग्राम होता. नवीन प्रीअँप पेडल, म्हणजे बेसचा आवाज जमवून मिक्सरकडे पाठवणारी पायाजवळची डबी, घेऊन आठवडा झालेला, रोज रात्री घरी हेडफोन लावून नॉब फिरवत बसायचो आणि शेवटी असा साउंड जमला की मीच माझ्यावर खुश, खाली एकदम जाड, वर चकचकीत, मधलं सगळं काढून टाकलेलं. लॉनवर तिसरं गाणं संपलं आणि ढोलकीवाला मागे वळून म्हणतो, "भाऊ, तू वाजवून रायला का नुसता उभा आहे? मले तर खालून गुं गुं येऊन रायलं फक्त." मी काय केलं असेल? बेसचा नॉब अजून वाढवला. गुं गुं पण वाढलं.

तेव्हापासून भीमगीतांचे कार्यक्रम, कॉलेजची गॅदरिंगं, गणपतीतले ऑर्केस्ट्रे, लॉनवरची लग्नं असं बरंच वाजवून झालं आणि जे हळूहळू समजत गेलं ते इथे क्रमाने लिहितो आहे. लांब होईल, चहा घेऊन बसा. मुद्दा एकच आहे, की प्रीअँप हा निरोप्या आहे, तुमच्या बोटातून आणि तारेतून जे निघालं ते नीट, न सांडता मिक्सरपर्यंत नेऊन देणं एवढंच त्याचं काम, आणि आपण त्याच्याकडून निरोपच बदलून घेतो.

नॅचरल म्हणजे नेमकं कसं

हे आधी कानात बसवा, नाहीतर नॉब कुठे थांबवायचा तेच कळणार नाही. घरी सगळं बंद करा, बेसला वायर लावू नका आणि बेसचं वरचं शिंग, म्हणजे पट्ट्याचं बटण असतं तो भाग, कानामागच्या हाडाला किंवा जबड्याला टेकवून खालची ई तार वाजवा. किंवा हेडस्टॉक लाकडी कपाटाच्या दाराला टेकवा, सगळं कपाट वाजायला लागतं. त्यात बोटाचा ठोका ऐकू येतो, मग स्वर उघडतो, मग हळूहळू विरतो. थोडी लाकडाची घरघर असते, थोडी तारेची. हाच आपला नमुना. पीएवर, म्हणजे लोकांसमोरच्या मोठ्या स्पीकरवर, जाऊन हा ठोका, हा स्वर आणि हे विरणं तिन्ही ओळखू आले म्हणजे साउंड नॅचरल आहे, मग वापरलेलं पेडल कोणतं का असेना.

आता माझा घरचा साउंड लॉनवर का फसला ते. आपला कान कमी आवाजात खालचे स्वर कमी ऐकतो आणि आवाज वाढला की तेच खालचे स्वर त्याला जास्त ऐकू येतात, फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी बेल लॅब्जमध्ये हे मोजून १९३३ मध्ये मांडलं होतं. म्हणजे घरी हळू आवाजात जे "बरोबर जाड" वाटतं ते स्टेजच्या आवाजात फुगलेलं असणारच. म्हणून ईक्यूचा, म्हणजे खालचे, मधले, वरचे स्वर किती ठेवायचे याचा, शेवटचा निर्णय हेडफोनवर कधीच घेऊ नका. घरी फक्त नॉब काय करतात ते शिका.

पेडलच्या आधीच अर्धं काम असतं

तारा. नव्या राउंडवाउंड, म्हणजे वरून खरबरीत, तारा पहिल्या काही दिवसांत खणखण करतात, ते कुणाला आवडतं कुणाला नाही, पण प्रोग्रामच्या दिवशी सकाळी तारा बदलू नका, दोनचार दिवस आधी बदला म्हणजे ताणही बसतो आणि वरची चकाकी थोडी उतरते. नागपूरच्या मे महिन्यात बाहेरच्या स्टेजवर वाजवलं की घामाने तारा एका रात्रीत मरतात हे वेगळं सांगायला नको, सुती फडकं ठेवा आणि प्रत्येक ब्रेकला पुसा. जुन्या गाण्यांचे प्रोग्राम जास्त असतील तर फ्लॅटवाउंड, म्हणजे वरून गुळगुळीत, तारा लावून बघा. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमर्सन फेंडर प्रिसिजन बेसवर जाड फ्लॅटवाउंड लावून वाजवायचा आणि त्याचं बरंचसं रेकॉर्डिंग अँपला माइक न लावता सरळ डीआयने, म्हणजे वायरनेच मिक्सरला जोडून, झालंय, म्हणजे "डीआयचा साउंड प्लास्टिकसारखा येतो" ही तक्रार डीआयची नाहीच मुळात.

पिकअपची उंची कुणी बघतच नाही. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यातलं अंतर मोजा, जाड तारेकडे पावणेतीन मिलिमीटरच्या आसपास आणि पातळ तारेकडे दोन, इथून सुरुवात करा. पिकअप फार वर असलं की ठोका कर्कश होतो आणि चुंबकाने तार ओढली जाऊन स्वर डगमगतो, फार खाली असलं की सगळं मवाळ. चारही तारा सारख्याच जोरात ऐकू येतात का ते इथेच स्क्रू फिरवून जमवा, कंप्रेसरवर, म्हणजे लहानमोठा आवाज दाबून सारखा करणाऱ्या यंत्रावर, ढकलू नका.

बेस अॅक्टिव्ह असेल तर त्यात ९ व्होल्टची बॅटरी असते, ती उतरायला लागली की आवाज फाटतो आणि लोक प्रीअँप उघडून बसतात. अजून एक, अॅक्टिव्ह बेसमध्ये एक ईक्यू असतो आणि पेडलमध्ये दुसरा, मिक्सरवर तिसरा. तिघांनीही बेस थोडा थोडा वाढवला की काय होतं ते सांगायची गरज नाही. बेसवरचे नॉब मधल्या खाचेत ठेवा आणि विसरून जा.

पॅसिव्ह, म्हणजे बिनबॅटरीचा, बेस असेल तर व्हॉल्यूम पूर्ण उघडा, टोनसुद्धा आधी पूर्ण उघडा, आणि बेसपासून पेडलपर्यंतची वायर छोटी ठेवा, तीन ते पाच मीटर. पॅसिव्ह पिकअपला लांब वायर मानवत नाही, वायरमध्येच वरचे स्वर गळून जातात. पेडलच्या पुढे मात्र तीन पिनची एक्सएलआर केबल पन्नास मीटर ओढली तरी फरक पडत नाही. पॅसिव्ह बेस थेट मिक्सरच्या लाइन इनपुटात खोचला की जो मेलेला, गोधडीत गुंडाळल्यासारखा आवाज येतो त्याचंही कारण याच घरातलं आहे, पिकअपला दहा लाख ओहमच्या आसपासचा इनपुट लागतो आणि मिक्सरचा लाइन इनपुट साधारण दहावीस हजाराचा असतो. प्रीअँप हवाच असतो तो मुळात यासाठी. टोन वगैरे नंतर.

आणि उजवा हात. नेकजवळ वाजवलं की गोल, ब्रिजजवळ वाजवलं की घट्ट आणि नाकातला. चार बोटं इकडे तिकडे सरकलं की जो फरक पडतो तो कोणत्याही मिड, म्हणजे मधल्या स्वरांच्या, नॉबपेक्षा मोठा असतो, विश्वास नसेल तर फोनवर रेकॉर्ड करून ऐका. न वाजणाऱ्या तारा दाबून ठेवायची सवय लावा, अंगठा सरकता ठेवून. खोलीत ते कळत नाही पण मोठ्या सबवर, म्हणजे फक्त खालचा आवाज देणाऱ्या बॉक्सवर, मोकळी राहिलेली ई तार प्रत्येक स्वराखाली गुरगुरत राहते आणि आपण म्हणतो साउंडवाल्याने चिखल केला.

नॉब बाराच्या काट्यावर म्हणजे फ्लॅट, असं नसतं

इथे सगळे फसतात. मीपण फसलो होतो. ज्या पेडलवर बेस आणि ट्रेबलचे नॉब अॅक्टिव्ह असतात, मधे ठेवलं की शून्य, डावीकडे कमी उजवीकडे जास्त, तिथे नॉबपुरतं बारा वाजता फ्लॅट ठीक आहे. पण जुन्या फेंडर अँपच्या वळणाचा टोनचा सर्किट असेल तर सगळे नॉब मधे ठेवल्यावर मधला भाग चांगलाच खचलेला असतो, तिथे फ्लॅटच्या जवळ जायला मिड पूर्ण उघडून बेस आणि ट्रेबल जवळजवळ बंद करावे लागतात. बघायला विचित्र वाटतं. कान बंद करून नॉबकडे बघत बसणाऱ्याला तर फारच.

टेक २१ चं सॅन्सअँप बेस ड्रायव्हर हे पेडल आपल्याकडे खूप लोक वापरतात, त्याच्या नकला तर अजून जास्त. त्यात ब्लेंड नावाचा नॉब आहे, तो सरळ बेस आणि ट्यूब अँपची नक्कल यांचं मिश्रण करतो, आणि ती नक्कलच मुळात मधून खचलेली आहे. म्हणजे ब्लेंड पूर्ण उजवीकडे ठेवून तुम्ही बाकी सगळं बारावर ठेवलंत तरी मिड गेलेलेच. नॅचरल हवं तर ब्लेंड पूर्ण डावीकडून सुरू करा आणि फक्त इतकं आणा की थोडी ऊब जाणवेल, बहुतेक वेळा तिसरा हिस्सा पुरतो. एमएक्सआर एम८० या पेडलवर कलर नावाचं बटण असतं, ते दाबलं की मिड खाली जातात, एकट्याने वाजवताना भारी वाटतं, बँडमध्ये तुम्ही गायब. ते बंदच राहू द्या.

तुमचं पेडल कोणतं का असेना, एक चाचणी करा. पेडल बायपास करून, म्हणजे बंद ठेवून, वाजवा, मग चालू करून वाजवा, दोन्हीचा आवाज एकाच पातळीला आणा आणि नॉब असे फिरवा की चालू-बंद केल्यावर फरक जवळपास कळू नये. ही तुमची शून्याची जागा. तिथे पांढऱ्या मार्करने खूण करा. पातळी सारखी करणं महत्त्वाचं आहे कारण जे जास्त मोठं ते कानाला जास्त चांगलं वाटतं, दुकानात आपल्याला पेडल असंच तर विकतात.

गेन

सगळ्यात जोरात जितकं वाजवणार तितकं वाजवा, प्रोग्रामच्या जोशात वाजवता तसं, साउंड चेकच्या लाजऱ्या हाताने नाही. क्लिपचा, म्हणजे आवाज फाटल्याचा, लाल दिवा कधीतरी चुकून लुकलुकेल इथपर्यंत गेन, म्हणजे आत येणाऱ्या आवाजाची पातळी, आणा आणि मग थोडा मागे घ्या. स्लॅप, म्हणजे अंगठ्याने तार ठोकून वाजवणं, करणार असाल तर स्लॅप करूनच बघा. ड्राइव्ह, म्हणजे आवाज मुद्दाम फाडणारा नॉब, वेगळा असेल तर शून्य, निदान सुरुवातीला. मग डिजिटल मिक्सरवर साउंडवाल्याला सांगा की मीटर सरासरी वजा १८ डीबीच्या आसपास असू दे, मोठे ठोके वजा १० पर्यंत गेले तरी चालेल. साउंड चेकनंतर पेडलचा आउटपुट नॉब वाढवू नका. तुम्हाला स्वतःला कमी ऐकू येत असेल तर मॉनिटर वाढवायला सांगा. पेडल वाढवलं की तिकडे गेन बिघडतो, साउंडवाला फेडर खाली ओढतो, तुम्हाला अजून कमी वाटतं, तुम्ही अजून वाढवता... पूर्ण रात्र हीच कुस्ती.

आता ईक्यू, आणि आधी कापायचं

चार तारांच्या बेसचे आकडे लक्षात ठेवले तर फार सोपं जातं. खालची ई ४१ हर्ट्झ, ए ५५, डी ७३, जी ९८. पाच तारांची असेल तर बी ३१. पण आपल्याला ई म्हणून जे ऐकू येतं ते मुख्यतः ८२ आणि त्याच्या वरचे उपस्वर असतात, खालचा ४१ अंगाला जाणवतो. म्हणून ३५-४० च्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने काढून टाका, पेडलवर नसेल तर मिक्सरवर. तिथे संगीत नाहीच, पावलांची धपधप आणि बोट तारेवर पडल्याचा धक्का आहे, त्याने स्पीकरचा कोन नुसता आतबाहेर हलतो आणि अँपची ताकद फुकट जाते. सब नसलेला छोटा सेट असेल, नुसते दोन टॉप, म्हणजे वरचे बॉक्स, तर बिनधास्त ५०-६० पर्यंत कापा, उलट बेस जास्त स्पष्ट होईल.

मग २०० ते २५०. इथे सगळ्यांची गर्दी असते, पुरुषाचा आवाज, कीबोर्डचा डावा हात, ढोलकीचा धुमा बाजूचा घुमारा. बेस ढब्बा वाटत असेल तर इथून दोनतीन डीबी काढा. जास्त नको, नाहीतर बेस पोकळ होतो.

७०० ते ८००, मधलं हेच ते ज्याला आपण पाप समजून काढून टाकतो. स्वर ओळखू येतो तो इथे. एकट्याने ऐकलं तर नाकातला, थोडा कुरूप वाटतो, मान्य, पण बँडमध्ये हाच कुरूपपणा स्वर म्हणून ऐकू येतो. काही वाढवायचंच असेल तर इथे दोन डीबी वाढवा. माझ्या त्या लॉनवरच्या रात्री मी हेच काढून बसलो होतो, ढोलकीवाल्याला ऐकू येणार काय, कप्पाळ.

दीड ते अडीच हजारात बोटाचा ठोका असतो, तो गाणाऱ्याच्या शब्दांशी भांडतो, जरुरीपुरताच. आणि वरचं चार-पाच हजाराच्या पुढचं, हे मात्र नीट समजून घ्या. बेसचा खरा स्पीकर, दहा किंवा बारा इंची, चार-पाच हजाराच्या वर फारसं काही देत नाही, म्हणून अँपवर आवाज आपोआप गोल येतो. डीआयने सरळ पीएत गेलात की तिथले टॉप सगळं स्वच्छ वाजवतात, फ्रेटची टकटक, बोट सरकल्याची किरकिर, आणि ड्राइव्ह असेल तर डासासारखी भुणभुण. "प्रीअँप कृत्रिम वाटतो" ही तक्रार दहापैकी सात वेळा इथली असते असा माझा अंदाज. उपाय, पेडलवर कॅबिनेटची, म्हणजे अँपच्या स्पीकरपेटीची, नक्कल असेल तर ती चालू करा, नसेल तर मिक्सरवर पाच हजाराला लो-पास, म्हणजे त्याच्या वरचं कापणारा फिल्टर, लावा, तेही नसेल तर ट्रेबल थोडा खाली करा. पॅसिव्ह बेसचा टोन नॉब आठपर्यंत आणला तरी काम होतं.

कंप्रेसर हवा असेल तर प्रमाण तीनास एक किंवा चारास एक, अटॅक ३० ते ५० मिलिसेकंद म्हणजे ठोका आधी सुटून जातो आणि मग पकड बसते. तीन-चार डीबीपेक्षा जास्त दाबलं जात असेल तर हात सुधारा.

पेडलच्या मागची छोटी बटणं

प्री आणि पोस्ट. प्री म्हणजे तुमच्या ईक्यूच्या आधीचा साफ आवाज मिक्सरला जातो, पोस्ट म्हणजे तुम्ही जे केलं ते सगळं जातं. साउंडवाला ओळखीचा आणि कानाचा असेल तर प्री द्या, त्याला साफ माल आवडतो. अनोळखी असेल आणि साउंड चेकला दहा मिनिटं असतील तर पोस्ट, पण ईक्यू हलका ठेवून. स्टेजवर अँप असेल तर प्रीमुळे एक फायदा होतो, स्टेजवर ऐकायला तुम्ही काहीही वाढवलं तरी समोरच्या लोकांचं बिघडत नाही.

ग्राउंड लिफ्टचं पुढे सांगतो. माइक लेव्हल की लाइन लेव्हल असं बटण असेल तर माइकवर ठेवा, स्टेजवरच्या स्नेकमध्ये, म्हणजे मिक्सरपर्यंत जाणाऱ्या जाड सामायिक केबलमध्ये, सगळं माइकचंच जातं. फँटम, म्हणजे मिक्सरमधून येणारे ४८ व्होल्ट, काही पेडल त्यावर चालतात काही नाही, आपल्या पेडलच्या कागदात बघून ठेवा, आणि चालत असलं तरी अॅडॉप्टर सोबत ठेवा. फँटम चालू-बंद करताना चॅनल म्यूट करायला सांगा, नाहीतर असा धाडकन आवाज येतो की पहिल्या रांगेतले काका उठून उभे राहतात.

साउंडवाल्या भाऊंशी बोलणं

पोचल्यावर पहिले चहा, मग वायर. खरं सांगतोय. सकाळपासून बिचारे उन्हात बॉक्स रचून राहिलेले असतात आणि आपण जाऊन "माझा बेस वाढवा" म्हणतो.

मी तीन गोष्टी विचारतो. "भाऊ, माझ्या चॅनलचा लो-कट दाबलेला आहे का?" आधी तिथे गाण्याचा माइक असतो, ऐंशी-शंभर हर्ट्झचा लो-कट दाबलेलाच राहतो, आणि आपण इकडे पेडलवर बेस वाढवत मरतो. दुसरं, "रिव्हर्ब माझ्यावर येतोय का?" तेही तसंच राहून गेलेलं असतं. तिसरं, "चॅनलचा ईक्यू सरळ करून एकदा ऐकू का?" एवढं विचारलं की त्यांनाही कळतं की माणसाला काही समजतं, आणि मग ते स्वतःहून मदत करतात.

मग लांब वायर किंवा वायरलेस नसेल तर दुसऱ्या कुणाला तरी, कोरसवाल्याला वगैरे, बेस वाजवायला सांगा आणि तुम्ही खाली उतरून मधल्या खुर्च्यांत जाऊन ऐका, मग बाजूला जाऊन ऐका. सब डावी-उजवीकडे ठेवलेले असले की बरोबर मधे बेस जास्त येतो आणि बाजूला सरकलं की काही स्वर नाहीसे होतात. बरोबर मधे उभं राहून ईक्यू ठरवला तर बाजूच्या लोकांना पातळ मिळतो, म्हणून दोन जागांच्या मधलं काहीतरी धरा.

ऑक्टोपॅड, ढोलकी, कीबोर्ड आणि पट्टी

आपल्या ऑर्केस्ट्रात ड्रम सेट क्वचित, ऑक्टोपॅड, म्हणजे काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड, नेहमी. त्याचा किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, हा रेकॉर्ड केलेला, आधीच फुगवून ठेवलेला आवाज असतो आणि ६० ते १०० मधे बसतो, नेमका तुमच्या घरात. भांडू नका. किकला ६०-७० देऊन टाका आणि तुम्ही थोडं वर, ९० ते १२० मधे राहा, किंवा उलट, किक टणक असेल तर खालचं तुम्ही घ्या. ऑक्टोपॅडवाल्याशी रिहर्सलमध्येच बोलून ठेवा, तो सेकंदात दुसरा किक लावू शकतो.

कीबोर्डवाल्याचा डावा हात हा वेगळा विषय आहे. सवयीने तो खाली मूळ स्वर धरून ठेवतो आणि तोच स्वर तुम्ही वाजवता, दोघांचं ट्यूनिंग केसभर वेगळं असलं की वंव वंव असं हलायला लागतं. प्रेमाने सांगा, "दादा, डावा हात एक सप्तक वर घ्याल का?" माझ्या अनुभवात कोणत्याही प्रीअँपने दिला नाही एवढा फरक या एका वाक्याने दिलाय.

पट्टीचंही बघा. गाणारी ताई काळी दोनमधे गाते असं समजा, म्हणजे डी शार्प, चार तारांच्या बेसवर तो खाली मिळतच नाही, ई च्याही अर्धा स्वर खाली आहे. मग तुम्ही सप्तक वर जाऊन ७८ हर्ट्झवर वाजवता आणि आवाज आपोआप हलका वाटतो, लोक नॉब फिरवायला लागतात. त्या गाण्यापुरती ई तार अर्धा स्वर उतरवा किंवा पाच तारांचा बेस घ्या. पट्टी उंच असेल तर उलट, पांढरी पाच वगैरे, खालचा जी ४९ वर छान उघडतो, तिथे काहीच करावं लागत नाही.

लॉन वेगळं, सभागृह वेगळं

उघड्या लॉनवर भिंतीच नसतात, खालचा आवाज परत येत नाही, निघून जातो, म्हणून तिथे हलका बेस वाटणं साहजिक आहे आणि तिथे एखाददोन डीबी वाढवलं तर चालतं. पत्र्याचं शेड असलं की मात्र सावध, एखादा स्वर पकडून पत्रा स्वतःच वाजायला लागतो. वसंतराव देशपांडे सभागृह किंवा रेशीमबागेतलं सुरेश भट सभागृह अशा बंद जागी वाजवायचं असेल तर ही कसरत करा: खालच्या ई पासून एकेक फ्रेट हळूहळू, सारख्या जोराने वर जा आणि कोणता स्वर अचानक फुगतो ते ऐका. समजा बी वर फुगला, म्हणजे ६२ हर्ट्झ, ए शार्पवर असेल तर ५८. साउंडवाल्याला तो आकडा सांगा आणि तिथेच अरुंद कट घ्यायला सांगा. सगळा बेस कमी करणं म्हणजे एक दात दुखतो म्हणून सगळे काढणं.

रिकाम्या हॉलमधला साउंड चेक फसवतो हे पण लक्षात ठेवा. लोक आले की त्यांचे कपडे आणि अंग वरचे स्वर शोषतात, खालचे फारसे नाही, म्हणून दुपारी नीट वाटलेलं रात्री बसकं वाटतं. दुपारी किंचित चकचकीत ठेवा.

स्टेजवर स्वतःचा अँप असेल तर भिंतीपासून मीटरभर पुढे ठेवू नका, मागून परत आलेली लाट ८६ हर्ट्झच्या आसपास पुढच्या लाटेला मारते, म्हणजे साधारण एफ स्वर, आणि तुम्हाला वाटतं बेसचा तो फ्रेटच खराब आहे. भिंतीला जवळ, वीत-दीड वीत अंतरावर ठेवा, त्याने खालचं थोडं वाढेल ते नॉबने कमी करा. कोपऱ्यात नको. आणि खुर्चीवर किंवा खोक्यावर चढवून कानाकडे तोंड करा, गुडघ्यांना बेस ऐकू येत नाही.

गुणगुण, जनरेटर आणि जिवाची गोष्ट

लॉनवर जनरेटर, लाइटिंगचे डिमर आणि साउंड सगळं एकाच बोर्डावर असलं की गुणगुण येणार. पहिले ती कुठली ते ओळखा. बेस घेऊन गोल फिरलात आणि आवाज कमी-जास्त झाला तर ती पिकअपने हवेतून पकडलेली आहे. जॅझ बेस असेल तर दोन्ही पिकअप पूर्ण उघडा, दोन्ही उलट-सुलट गुंडाळलेली असतात म्हणून गुणगुण कटते. प्रिसिजनचं दुभंगलेलं पिकअप तर हे आपोआपच करतं. फिरून काहीच फरक पडला नाही तर अर्थिंगचा लूप, तेव्हा पेडलवरचं ग्राउंड लिफ्ट दाबा, बहुतेक वेळा तिथेच मिटतं.

एक काम कधीच करू नका, गुणगुण जावी म्हणून प्लगची अर्थची जाड पिन तोडणं किंवा दोन पिनचा अॅडॉप्टर लावणं. मी लोकांना हे करताना बघितलंय. तुमच्या हातात लोखंडी तारा असतात आणि ओठ माइकला लागणार असतात, मधे अर्थ नसेल तर करंट तुमच्यातून जातो. पाऊस पडून गेलेल्या ओल्या गवतावर तर अजूनच. वाजवायच्या आधी टेस्टर घेऊन तारेला आणि माइकच्या जाळीला लावून बघा, दिवा लागला तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत बेस खाली ठेवा, यजमान कितीही घाई करोत.

पॅक करताना

साउंड चांगला लागला त्या रात्री नॉबचा फोटो काढा आणि नावाने ठेवा, "लॉन, सब दोन, ऑक्टोपॅड" असं काहीतरी. दहा-बारा प्रोग्राम झाले की सगळे फोटो जवळपास सारखेच दिसायला लागतात आणि सगळे त्या पांढऱ्या खुणेच्या आसपास असतात, माझे तरी तसेच निघाले. डिसेंबर-जानेवारीत रात्री उघड्यावर वाजवलं असेल तर बेस गाडीतून थेट घरात आणून लगेच उघडू नका, बॅगेतच अर्धा तास राहू द्या. आणि बॅगेत टाकायच्या आधी बेसमधून जॅक काढा, अॅक्टिव्ह बेसची बॅटरी जॅक लागलेला असेपर्यंत जळत राहते, स्विच वगैरे काही नसतो, आणि मग पुढच्या प्रोग्रामला दुसऱ्याच गाण्यात आवाज फाटतो आणि नव्वी बॅटरी आणायला कोरसवाल्याला रात्री साडेदहाला सीताबर्डीवर पळवावं लागतं.